चार थांबे आणि एक घड्याळ: बाई, तुमचे आभार

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा हिशेब मिटला, मांडव उतरला. तुमचे आभार मात्र समारोपाच्या गडबडीत दोन वाक्यांत उरकले गेले, ते आमच्या मनाला लागून राहिलं आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही सर्वांना वाचता येईल असं. पुढच्या तुकड्या मेळावा भरवतील तेव्हा व्याख्यानं आणि परिसरफेऱ्या कशा आखाव्यात, हे त्यांना तुमच्या कामातूनच शिकता येईल.

सगळ्यात मोठं ऋण त्या रविवारच्या चालण्याचं. मेळाव्याच्या तीन आठवडे आधी, फेरीच्याच वेळेला, सकाळी आठ वाजता, तुम्ही हातात घड्याळ घेऊन सगळा मार्ग चाललात. नकाशावर तीनशे मीटर दिसतात आणि वाटतं, चार मिनिटांचं काम. एकटा तरुण माणूस चार मिनिटांत जातोही. पण साठी-सत्तरीचे अठरा जण, त्यातले निम्मे तीस वर्षांनी भेटलेले, त्यांना तेवढ्याच अंतराला आठ-नऊ मिनिटं लागतात. आमच्या यादीत नऊ थांबे होते. तुम्ही त्यातले पाच खोडलेत आणि प्रत्येक थांब्यापुढे बोलण्याची मिनिटं वेगळी, चालण्याची वेगळी लिहिलीत. त्या वेळी आम्हाला हळहळ वाटली होती. पण नऊ थांबे ठेवले असते, तर शेवटच्या तीन ठिकाणी नुसती धावपळ झाली असती. चार थांब्यांमुळे माणसं निवांत उभी राहिली आणि त्यांनी प्रश्न विचारले.

गट पाडण्याची तुमची पद्धत तर प्रत्येक मेळाव्याने उचलावी अशी आहे. साधारणपणे तुकडीनुसार गट पडतात आणि मग जुने मित्र आपसात बोलत राहतात, माहिती सांगणाऱ्याचा आवाज मागे पोचतच नाही. तुम्ही चालण्याच्या वेगानुसार गट केलेत. एका गटात अठराच्या वर कुणी नाही, पुढे एक माहितगार आणि शेवटी एक स्वयंसेवक. शेवटचा माणूस पोचेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा नियम. माहितगाराने सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही, हाही. आणि फेरीआधी कँटीनसमोर पंधरा मिनिटं चहाची, म्हणजे ‘अरे, तू किती बदललास’ तिथेच बोलून होतं.

पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीपाशी तुम्ही जे सांगितलंत, त्यातला नेमकेपणा आम्हाला फार मोलाचा वाटतो. १८६४ मध्ये काम सुरू होऊन १८७१ मध्ये पुरं झालेलं हे मुंबईच्या गव्हर्नरचं निवासस्थान, वास्तुरचनाकार जेम्स ट्रबशॉ. १९४९ मध्ये इथे विद्यापीठ सुरू झालं, पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण प्लेगच्या काळातला इंग्रज अधिकारी रँड याच्यावर हल्ला ‘याच आवारात’ झाला, असं अनेक जण ठामपणे सांगतात. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ इथे झाला हे खरं. हल्ला मात्र समारंभाहून परतणाऱ्या गाड्यांवर, बाहेर गणेशखिंड रस्त्यावर झाला. दुसऱ्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. तुम्ही सगळ्यांना फाटकाच्या दिशेला वळवून उभं केलंत आणि गाड्या कुठून निघाल्या असतील ते हाताने दाखवलंत. तो प्रसंग असा जागेवर उभा राहिला की पुन्हा विसरणं नाही.

आणि आयुका या विद्यापीठाच्या आवारातल्या खगोलशास्त्र संस्थेतला लंबक! चार्ल्स कोरिया यांनी रचलेला तो परिसर, चौकातले आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे, हे बघायला लोक आपणहून थांबतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणाऱ्या फुको लंबकापाशी मात्र बहुतेक फेऱ्या फसतात, आणि कारण साधं आहे. पृथ्वीच्या ध्रुवावर लंबकाच्या झुलण्याचं प्रतल एका दिवसात पूर्ण फिरतं. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंशांच्या आसपास, त्यामुळे इथे ते तासाला जेमतेम पावणेपाच अंश सरकतं आणि पूर्ण फेरीला सुमारे ७५ तास घेतं. म्हणजे तिथे दहा मिनिटं थांबलेल्या माणसाला एक अंशही फरक दिसत नाही. ‘पृथ्वी फिरते म्हणे’ असं पुटपुटत तो पुढे जातो.

तुम्ही त्या थांब्याचे दोन तुकडे केलेत. आधी प्रत्येकाला असं उभं केलंत की गोळा सरळ त्याच्याकडेच झुलत येईल, आणि पायापाशी नावाची चिठ्ठी ठेवलीत. मग पुतळे, चौक, बाकीचं सगळं. बरोबर पंचेचाळीस मिनिटांनी परत त्याच चिठ्ठ्यांपाशी. मध्यापासून दोन मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला तेवढ्या वेळात सुमारे बारा सेंटिमीटरचा फरक पडतो, जवळजवळ टीचभर. गोळा आता त्याच्या अंगावर न येता बाजूने जातो. वरून पाहिलं तर प्रतल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सरकलेलं असतं. पाठ्यपुस्तकातली ती आकृती शाळेत सगळ्यांनी काढलेली असते. ती आपल्या पायांपाशी घडताना बघणं ही मेळाव्यातली सर्वांत सुंदर गोष्ट होती, असं आम्ही अगदी मनापासून म्हणतो.

डेक्कन कॉलेजची भेट शुक्रवारी दुपारी ठेवण्याचा तुमचा आग्रहही किती रास्त होता! मेळावे शनिवार-रविवारी भरतात आणि नेमके तेव्हाच विभाग बंद असतात. उघडून दाखवतील, या भरवशावर गेलं की कुलूप बघून परत यावं लागतं. १९४८ मध्ये सुरू झालेल्या संस्कृत शब्दांच्या महाकोशासाठी जमवलेल्या, सुमारे एक कोटी शब्दचिठ्ठ्यांचे ते खण बघायचे, तर तिथे काम चालू असतानाच बघावेत. एक शब्द, त्याच्या मागे शेकडो चिठ्ठ्या, प्रत्येकीवर ग्रंथाचं नाव आणि संदर्भ. पहिला खंड निघाला १९७६ मध्ये आणि त्यानंतरही कित्येक वर्षं ‘अ’च चालू राहिला, याचं कारण ते खण पाहिल्यावर सांगावंच लागत नाही. प्रत्येक संस्थेला वेगळं पत्र, नावांची यादी, ओळखपत्र जवळ ठेवण्याची सूचना आणि आदल्या दिवशी सुरक्षारक्षकांच्या चौकीवर त्या यादीची प्रत, हे सगळं तुम्ही एकटीने सांभाळलंत.

व्याख्यानांबद्दल थोडक्यात. ज्येष्ठ वक्त्यांच्या स्लाइड जुन्या मराठी फाँटमध्ये असतात. दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते. गुरुवारीच सगळ्यांच्या पीडीएफ करून घेतल्यात म्हणून वक्त्यांची फजिती टळली. पंचवीस मिनिटं भाषण, पंधरा मिनिटं प्रश्न, आणि प्रश्न चिठ्ठीवर. माइक श्रोत्याच्या हाती गेला की प्रश्नाचं दुसरं भाषण होतं, हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत. जेवणानंतरचा तास मोकळा ठेवलात. मसालेभात-जिलेबीनंतर अंधाऱ्या सभागृहात जागं राहणं कुणालाच जमत नाही.

बाकी, प्रत्येक थांब्यावर सहा खुर्च्या, गुडघेदुखीवाल्यांसाठी पायऱ्या टाळणारी वाट, सुटीच्या दिवशी स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे असते याचा शोध, वीस लिटरच्या एका जारमध्ये पाव लिटरचे ऐंशी पेले भरतात हे धरून केलेला पाण्याचा हिशेब. हे कुणाच्या फोटोत आलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

तुमची आखणीची वही आम्ही पुढच्या समितीसाठी छायाप्रत काढून घेतली आहे. मूळ वही या पत्रासोबत परत पाठवत आहोत. तिच्यात लंबकापाशी ठेवलेल्या नावांच्या चिठ्ठ्या आहेत, सगळ्या अठरा, तुमच्या अक्षरातल्या.

आपले कृतज्ञ,
मेळावा समितीतले तुमचे विद्यार्थी
गणेशखिंड, पुणे