पगाराच्या स्लिपवरचे दोनशे रुपये

गंगापूर रोड, नाशिक

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी पहिली पगाराची स्लिप मी आणि आईने दोनदोनदा वाचली. निवडणुकीचं काम करणाऱ्या कंपनीत तू गेलीस म्हणून मी नाराज आहे, असं तुला वाटतंय. तसं अजिबात नाही. पण परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, दूरदृष्टी वगैरे कुणाला नको असते. सर्व्हेत जे येतं ते आम्ही नेत्याला देतो आणि तो तेच बोलतो." ते ऐकल्यापासून मला स्वस्थता नाही.

तुझ्या स्लिपवर कपातीच्या रकान्यात प्रोफेशनल टॅक्सचे दोनशे रुपये आहेत. फेब्रुवारीत तीनशे कापतील. हा कर महाराष्ट्राने 1975 साली लावला तो रोजगार हमी योजनेसाठी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव भागात आधी छोट्या प्रमाणावर प्रयोग केला, मग 1972च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून पैसे काढायचे आणि खेड्यातल्या भूमिहीनाला कामाचा हक्क द्यायचा! त्या काळी सर्व्हे घेतला असता तर मुंबई-पुण्यातल्या किती जणांनी 'हो' म्हटलं असतं? तरीही ते केलं गेलं. पुढे 2005 मध्ये केंद्राने देशभरासाठी कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

नोकरीच्या सुरुवातीला मी पेठ तालुक्यात बंडिंगच्या म्हणजे शेताचे बांध घालण्याच्या, पाझर तलावांच्या कामांवर हजेरीपट तपासायला जायचो. खोटी नावं असायची, मजुरी रखडायची, हे सगळं मी पाहिलंय. पण तिथल्या बायका तहसील कचेरीत येऊन सांगायच्या, पंधरा दिवसांत काम काढा, नाहीतर भत्ता द्या. त्यांच्या तोंडी कुठल्या पुढाऱ्याचं नाव नसायचं. पागे कोण हे त्यांना माहीतही नव्हतं. ज्याने दिलं त्याचं नाव विसरलं गेलं तरी हक्क मागता येतो, एवढं पक्कं त्या माणसाने करून ठेवलं होतं. 2024च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर लाडक्या बहिणींच्या खात्यात पैसे जमा होऊ लागले. गरीब बाईच्या हातात दीड हजार रुपये पडले याचं मला वाईट वाटत नाही, आनंदच आहे. पण ते कुणी दिले हे तिच्या मनावर ठसवण्यासाठी जेवढी बुद्धी आणि जाहिरात खर्च झाली, तेवढी ते कायमचे कसे टिकतील यावर झाली का, हे तूच सांग. तू त्या धंद्यात आहेस.

आता जिल्हा परिषद. माझी उभी हयात तिथे गेली म्हणून सांगतो असं समजू नकोस. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा 1 मे 1962 रोजी सुरू झाल्या. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. शाळा, दवाखाने, रस्ते, लहान पाटबंधारे, ही सगळी कामं त्यांनी मंत्रालयातून काढून गावाकडच्या निवडून आलेल्या माणसांकडे सोपवली. स्वतःच्या हातातली सत्ता कोण वाटून देतं गं? बाभळगावचे सरपंच विलासराव देशमुख पुढे मुख्यमंत्री झाले. जिल्हा परिषदेचे सदस्य म्हणून सुरुवात केलेले आर. आर. पाटील गृहमंत्री झाले. राज्य कसं चालतं हे माणसं तिथे, अंदाजपत्रकावर भांडता भांडता शिकली.

यशवंतराव 1962च्या अखेरीस संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि 1963 मध्ये आपल्या नाशिकने त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं. ओझरचा विमानांचा कारखाना त्याच सुमारास, 1964 साली आला. मी त्यांची पूजा करत नाही. आणीबाणीत ते केंद्रात मंत्री होते आणि त्यांनी राजीनामा दिला नाही, हे मला आजही खटकतं. पण आपण गेल्यावरही चालेल असं काही उभं करायची त्यांना जी ओढ होती, ती मी आज शोधतो आणि मला सापडत नाही.

2022 मध्ये नाशिक महापालिकेची आणि जिल्हा परिषदेची, दोन्हींची मुदत संपली. पुढे तीन वर्षं उलटून गेली तरी निवडणूक झाली नव्हती. प्रशासकच सगळं बघत राहिले. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, मान्य. पण या काळात राज्यात दोन्ही बाजूंची सरकारं येऊन गेली आणि आपल्या वॉर्डाला नगरसेवक नव्हता याची तळमळ मला एकाही बड्या नेत्याच्या बोलण्यात दिसली नाही. रोपवाटिकाच बंद ठेवली तर झाडं कुठून यायची? त्यात 1985च्या पक्षांतरबंदी कायद्याने घाऊक फोडाफोडी थांबली नाहीच, उलट सभागृहात आमदाराला व्हीप म्हणजे पक्षाचा आदेश मोडून स्वतःच्या मताने मतदान करायची सोय उरली नाही. ज्याला वेगळं मत मांडायची सवयच नाही, तो वीस वर्षांनंतरचं काय बोलणार?

काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची गोष्ट मी तुला लहानपणी पंचवटीत सांगितली होती. त्या सत्याग्रहाचे नेते डॉ. आंबेडकर 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत म्हणाले होते की धर्मातली भक्ती आत्म्याला मोक्ष देईल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. तुमच्या कंपनीत नेत्याचे रील बनवणारी मुलं हुशार असणार. त्यांच्यापुढे हे वाक्य ठेव, आणि त्यांना काय वाटतं ते मला कळव.

नोकरी सोड असं मी म्हणत नाही. नेत्याच्या कानाशी पोचणारी माणसं आता तुमच्यासारखीच आहेत. जुन्या काळी तालुक्याचा कार्यकर्ता नेत्याला तोंडावर सांगायचा, साहेब हे चुकतंय. ते काम आता तुमच्याकडे आलंय, पगारासकट. आकडे देताना एक पान असंही जोड, की लोकांना आज हे नको आहे, पण पाण्याचं, शाळेचं हे आत्ता केलं नाही तर पुढे महागात पडेल.

तुमचा सर्व्हे पेठ-सुरगाण्याला येणार आहे म्हणालीस. प्रश्नावली आधी मला पाठव. धो धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात हंडा घेऊन दरीत उतरावं लागतं तो हा मुलूख. "पाणीपुरवठ्यावर समाधानी आहात का" असं तिथे विचारू नका. पाणी कुठून आणता, किती वेळ जातो आणि हे कुणाचं काम आहे असं वाटतं, असं विचारा, आणि उत्तराला पर्याय देऊ नका. लिहायला मोकळी जागा ठेवा. पेठला माझे दोन जुने सहकारी आहेत, भाषा ते तपासून देतील.

आईने लाडू करून ठेवलेत. शनिवारी येतेस का ते कळव.

तुझा,
बाबा