वासरांच्या न्यूमोनिया लसीकरणासाठी आवाहन

सर्व सभासद, दूध घालणारे बंधू-भगिनी आणि संस्थेचे हितचिंतक यांस सप्रेम नमस्कार.

घाईत लिहितोय. लसीची मागणी याच आठवड्यात नोंदवायची आहे आणि वासरू निधीत तेवढी शिल्लक नाही.

हा निधी कसा उभा राहिला, हे नव्या सभासदांना ठाऊक नसेल. आपल्या माजी अध्यक्षांनी पद सोडताना सत्कार नाकारला आणि सत्काराचे पैसे वासरांसाठी ठेवायला लावले. ती पहिली ठेव. संकलन केंद्रातला लसीचा फ्रीज एका ज्येष्ठ भगिनींनी दिला. त्यावर नावाची पाटी लावू दिली नाही, म्हणून इथेही नाव घालत नाही. पण फ्रीज उघडताना त्यांची आठवण होते आणि आतला काटा दोन ते आठ अंशांतच असतो. डॉक्टरसाहेबांनी कधी मोबदला मागितला नाही. तरुण मंडळींनी सकाळच्या धारा आटोपून गोठ्यागोठ्यात वासरं धरली, लाथा खाल्ल्या, कुरकुर केली नाही. त्यातल्या कितीतरी कालवडी आज दुभत्या आहेत आणि त्यांचं दूध रोज आपल्याच कॅनमध्ये पडतं.

गेल्या आवाहनाचं मात्र न बोललेलं बरं. फळ्यावरची नोटीस सगळ्यांनी वाचली, पावत्या फाडल्या त्या नेहमीच्याच लोकांनी. “वासरू कुठं दूध देतंय?” असंही ऐकावं लागलं. गाय ढासली की रात्री डॉक्टरला फोन जातो. वासराचं नाक आठ दिवस गळलं तरी आपण हवेवर ढकलतो. न्यूमोनिया असाच सुरू होतो: आधी विषाणू श्वासनलिकेचं अस्तर दुखावतात, मग एरवी नाका-घशात मुकाट राहणारे पाश्चरेलासारखे जंतू फुप्फुसात उतरतात. ताप जातो, वासरू पुन्हा पिऊ लागतं, पण फुप्फुसाचा निकामी झालेला भाग परत मिळत नाही. अशी कालवड वाढीत मागे पडते, उशिरा माजावर येते आणि पहिल्या वेताला दूधही कमी देते. तेव्हा दोष मात्र खुराकाला!

यंदा लहान वासरांना नाकात सोडायची लस आहे. चिकातून, म्हणजे गाय व्याल्यावरच्या पहिल्या दुधातून, आलेल्या प्रतिकारशक्तीमुळे टोचायची लस त्या वयात नीट लागू पडत नाही. नाकातल्या लसीला ती अडचण कमी येते. मोठ्या वासरांना टोचायची, दुसरा डोस तीन-चार आठवड्यांनी. पहिला घेऊन दुसऱ्याला गायब होणाऱ्यांनी निधीचे पैसे पाण्यात घातले, हे स्पष्ट लिहितो. आणि लस आहे म्हणून चीक पाजायला उशीर किंवा अमोनियाने डोळे चुरचुरणारा कोंदट गोठा चालेल, असं नाही.

वर्गणी यथाशक्ती, रोख किंवा दूधबिलातून वळती, पावती घ्या. वासरांची संख्या व वय केंद्रातल्या वहीत शनिवारपर्यंत लिहा. लसीकरण रविवारी सकाळच्या संकलनानंतर. आजारी वासराची आधी कल्पना द्या, त्याला डॉक्टर तपासतील. त्याच दिवशी शिंगं जाळणं किंवा दूध तोडणं नको. विरघळवलेली लस फार वेळ टिकत नाही, हाक आली की वासरू बांधून तयार ठेवा. गाडी आणि धरायला माणसं हवीत.

आपला,
सचिव, संचालक मंडळाच्या वतीने

ता.क. मागच्या वेळी नेलेली लसीची पेटी ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणून द्यावी. कशाला वापरली ते विचारणार नाही.