लेग्नित्साने शेवटचा राजा जपला, साताऱ्याने कधी जपायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मागे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीबद्दल आलं होतं, ते वाचल्यापासून हे लिहायचं मनात होतं. १९४३ ते १९४८ त्या छावणीत पाचेक हजार पोलिश माणसं राहिली, आपल्या पाचगणीतही त्यातली काही हवापालटाला आणि काही मुलं शाळेला होती, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहितीये. पण ही बहुतेक माणसं पोलंडच्या पूर्व भागातली, आणि तो भाग युद्धानंतर सोव्हिएत युनियनमध्ये गेला, म्हणजे छावणी उठली तरी जायचं कुठं हा प्रश्न उरलाच. त्याच भागातली इतर लाखो माणसं मग देशाच्या पश्चिमेला नेऊन वसवली, जिथून जर्मन लोकांना घालवून दिलं होतं. त्या पश्चिमेकडच्या शहरांपैकी एक म्हणजे लेग्नित्सा. माझा भाचा जवळच व्रोत्स्वावला शिकायला आहे, त्याच्याकडे गेले होते तेव्हा हे गाव बघितलं, ट्रेनने तासाभराचा रस्ता.

हे गाव म्हणजे पियास्त घराण्याच्या एका शाखेची राजधानी. पोलंडचं राज्य उभं केलं तेच हे घराणं, मिएश्को राजाने ९६६ साली ख्रिस्ती धर्म घेतला तिथून त्यांचा इतिहास सांगतात. पुढे ११३८ मध्ये बोलेस्वाव राजा गेला आणि त्याने ठरवून दिल्याप्रमाणे राज्याच्या मुलांत वाटण्या झाल्या, झालं, भाऊबंदकी सुरू. आपल्याला हे नवीन नाही, सातारा आणि कोल्हापूर गादीचं भांडण मिटवायला १७३१ चा वारणेचा तह करावा लागला. तिकडे वाटणीच्या वाटण्या होत गेल्या, लेग्नित्सा ज्या प्रांतात येतं त्या एकट्या सायलेशियात दहा-पंधरा छोटी छोटी राज्यं झाली, त्यातलं लेग्नित्साचं राज्य १२४८ पासूनचं. पोलंडच्या सिंहासनावरचा शेवटचा पियास्त राजा १३७० मध्ये वारला, पण लेग्नित्साची शाखा त्यानंतरही तीनशे वर्षं टिकली.

गावाबाहेर थोड्या अंतरावर लेग्नित्स्के पोले म्हणून खेडं आहे, तिथे ९ एप्रिल १२४१ ला मंगोलांशी मोठी लढाई झाली. सायलेशियाचा राजा हेन्रिक दुसरा, त्याचा मेव्हणा बोहेमियाचा राजा फौज घेऊन एका दिवसाच्या वाटेवर आलेला, पण हेन्रिक त्याच्यासाठी थांबला नाही, आहे त्या सैन्यानिशी भिडला आणि पडला. मला तिथे उभं राहून आपल्या खटाव तालुक्यातल्या भोसऱ्याचे प्रतापराव गुजर आठवले, नेसरीच्या खिंडीत तेही सैन्याची वाट न बघता गेले होते. मंगोलांनी हेन्रिकचं शिर कापून नेलं, मग रणात एवढ्या प्रेतांत राजाचं धड ओळखायचं कसं, तर त्याच्या डाव्या पायाला सहा बोटं होती त्यावरून ते ओळखलं अशी कथा तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्याची आई यादविगा, तिला पुढे संतपद मिळालं. लढाई झाली तिथे आज एक छोटं जुनं चर्च आहे आणि त्यातच लढाईचं म्युझियम केलंय, समोर मोठं चर्च. एवढंसं खेडं, पण आलेल्या माणसाला कुठं काय झालं ते कळतं.

पण मला ज्यासाठी पत्र लिहावंसं वाटलं ती जागा शहरात आहे, सेंट जॉन चर्चमधली पियास्तांची समाधी. १६७२ मध्ये राजा क्रिस्तिआन वारला, मुलगा येझी विल्हेल्म लहान म्हणून राणी लुडविका कारभार बघू लागली. १६७५ मध्ये पोरगा व्हिएन्नाला जाऊन, ज्याचं हे मांडलिक राज्य त्या सम्राटाला मुजरा करून आला, कारभार हातात घेतला आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला देवी येऊन गेला. वय पंधरा. मागे मूल नाही. सम्राट लिओपोल्डने वारस नाही म्हणून राज्य खालसा केलं. हे वाचताना कुठल्याही सातारकराच्या पोटात तुटेल, कारण ५ एप्रिल १८४८ ला सातारच्या गादीवरचे शहाजी महाराज गेले, त्यांनी मरणाआधी दत्तक घेतलेला होता, तरी डलहौसीने तो मानला नाही आणि सातारचं राज्य खालसा झालं, दत्तक नामंजूर करून राज्यं गिळायची डलहौसीची सुरुवातच आपल्यापासून झाली.

त्या आईने काय केलं तर सगळं गेल्यावर १६७७ ते १६७९ या काळात चर्चच्या एका भागात आपल्या घराण्याची समाधी बांधून घेतली. आत गेलं की वर घुमट, घुमटावर पियास्तांच्या इतिहासातले प्रसंग रंगवलेले, आणि खाली नवरा, मुलगा, मुलगी आणि ती स्वतः असे चार पांढरे पुतळे, असे उभे केलेत की चौघं एकमेकांशी बोलतायत असं वाटतं. पुढे जेझुइट पंथाच्या लोकांनी चर्च नव्याने बांधलं तरी हा भाग पाडला नाही, नव्या चर्चमध्ये सामावून घेतला. नंतर प्रशिया या जर्मन राज्याचा अंमल आला, १९४५ ला शहर पोलंडला मिळालं, जर्मन गेले, पूर्वेकडून पोलिश लोक आले, सोव्हिएत सैन्याचं मुख्यालय तिथे १९९३ पर्यंत होतं. एवढी उलथापालथ झाली. आज तिथे राहणाऱ्यांचे आजोबा-पणजोबा कुणी त्या राजांच्या रयतेतले नव्हते, तरी ती समाधी नीट ठेवलीये.

आता यात राजकारण होतं हेही सांगायला पाहिजे. कम्युनिस्ट सरकारला दाखवायचं होतं की हा मुलुख मूळचा आमचाच, म्हणून पियास्तांचा उदोउदो केला आणि मधली शेकडो वर्षं तिथे राहिलेल्या जर्मन माणसांचं नाव पुसलं, ते मला बरोबर वाटत नाही. पण हेतू काही असो, दगड-विटा वाचल्या. किल्ला तेराव्या शतकातला, दोन उंच बुरूज, १९४५ मध्ये जळाला होता तो परत उभा केला, आज त्यात शिक्षणसंस्था आहेत. अंगणात जुन्या चॅपलचे नुसते पाये उरलेत, त्या पायांवरसुद्धा छप्पर घालून ते जपलेत, आणि पाये म्हणजे काय तर गुडघाभर भिंती, आपल्याकडे असत्या तर त्यावर बसून लोकांनी वडापाव खाल्ला असता.

आपल्या राजवाड्यातही शाळा भरायची, तिथल्याच हायस्कूलमध्ये ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव घातलं गेलं. छत्रपतींची गादी आणि बाबासाहेबांची शाळा एकाच वास्तूत, दुसऱ्या कुठल्या गावाकडे हे आहे? आणि त्या वास्तूची अवस्था काय आहे ते रोज राजवाड्याच्या चौकातून जाणाऱ्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. संग्रहालय आहे, चांगलंय, पण १८४८ ला जे घडलं ते ज्या जागेचं आहे त्या जागेवरच सांगितलं पाहिजे, त्याआधी बनारसला पाठवलेले प्रतापसिंह महाराज, नामंजूर झालेला दत्तक, सगळं, निदान दोन खोल्या तरी दुरुस्त करून त्यासाठी द्याव्यात.

आणि संगम माहुली. येसूबाईसाहेब तिथे, थोरले शाहू महाराज तिथे, महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीसुद्धा समाधी तिथे. लुडविकाने मुलासाठी बांधलं ते बघायला माणसं लांबून येतात, आणि एकोणतीस-तीस वर्षं मोगलांच्या कैदेत काढून परत आलेल्या येसूबाईंची समाधी कुठली हे माहुलीला दर्शनाला येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही. पूर ओसरला की समाध्यांवरचा गाळ लगेच काढायची कायमची व्यवस्था हवी, प्रत्येक समाधीपाशी मराठीत नाव, साल आणि चार ओळी हव्यात, दगडाला भोक न पाडता बाजूला उभा केलेला बोर्ड चालेल. सिमेंट आणि ऑइलपेंट मात्र कुणी लावू नये ही हात जोडून विनंती.

बोर्डांचा मजकूर लिहून द्यायला मी आणि आमच्या पेठेतल्या इतिहास शिकवणाऱ्या दोन निवृत्त शिक्षिका तयार आहोत, पैसे नकोत. संबंधितांनी फक्त परवानगी कुणाकडे मागायची ते तुमच्या पेपरातून कळवावं, दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन येतो.

आपली,
एक वाचक, शनिवार पेठ, सातारा