एस्प्रेसो यंत्राची किंमत छापता, तशी गॅस्केटचीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरगुती एस्प्रेसो यंत्रांच्या खरेदीविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. पंपाचा दाब, दुधाला फेस आणणारी वाफेची नळी, ओट्यावर लागणारी जागा, हप्त्यांची सोय अशी सगळी माहिती त्यात होती. मात्र तीस-चाळीस हजारांची ही वस्तू दोन वर्षांनी गळू लागली तर काय करायचे, याबद्दल एक ओळही नव्हती. स्नेही-शेजाऱ्यांची अशी यंत्रे मी हौसेने उघडतो. त्या अनुभवावरून सांगतो, की ती मोडीत निघतात ती सहसा एखाद्या मोठ्या बिघाडामुळे नव्हे, तर ताठरलेले गॅस्केट (गळती रोखणारी रबरी रिंग), तुंबलेला व्हॉल्व्ह आणि पाण्यातले क्षार या तीन अगदी साध्या कारणांमुळे. या तिन्हींविषयी दुकानात उभे असतानाच विचारता येते, आणि नेमके तेच कोणी विचारत नाही.

खोक्यावर १५ किंवा २० बार (बार हे दाबाचे एकक) असे ठळक छापलेले असते, तो पंपाचा कमाल दाब होय. कॉफीच्या भुकटीवर प्रत्यक्षात नऊ बारच्या आसपासच दाब लागतो. हा दाब धरून ठेवण्याचे काम पोर्टाफिल्टर (भुकटी भरायचे मुठीचे भांडे) आणि ग्रुप (यंत्राचा जो भाग ते अडकवून घेतो तो) यांच्यामधले रबरी गॅस्केट करते. कुकरची रिंग आपण जशी वर्षा-दोन वर्षांनी मुकाट्याने बदलतो, तशीच ही बदलायची असते, पण ते विकताना कोणी सांगत नाही. सततच्या उष्णतेने रबर ताठ होते, कडेने थेंब गळू लागतात, मग लोक मूठ अधिकच जोराने आवळतात आणि त्यात पोर्टाफिल्टरचे कान झिजवून बसतात. वास्तविक यंत्राचा प्लग काढून ते पूर्ण थंड होऊ दिल्यावर, बहुतेक छोट्या यंत्रांत ग्रुपच्या तोंडाशी असलेला एक स्क्रू सोडवला की जाळी हातात येते. तिच्या मागे साचलेला काळा, तेलकट थर पाहिला की कॉफी कडवट का लागत होती, याचा उलगडा तिथेच होतो. खाचेत बसलेले जुने गॅस्केट टोच्याने उचकटावे लागते. फार दिवस बदललेले नसेल तर ते अखंड निघत नाही, त्याचे कडक तुकडे पडतात. ते सगळे काढून खाच ब्रशने घासून घ्यावी आणि मगच नवे बसवावे. खाचेत एक कण जरी राहिला तरी गळती तशीच चालू राहते आणि दोष बिचाऱ्या नव्या गॅस्केटला दिला जातो.

व्हॉल्व्हची गोष्टही फारशी वेगळी नाही. बऱ्याच यंत्रांत तीन तोंडांचा सोलेनॉइड, म्हणजे विजेने उघडमीट होणारा, व्हॉल्व्ह असतो. कॉफी काढून बटण बंद केले की उरलेला दाब तो खालच्या ट्रेमध्ये सोडतो, तेव्हा फुस्स असा आवाज येतो. तो आवाज मंदावला, चोथा ओलसर चिखलासारखा राहू लागला किंवा पोर्टाफिल्टर काढताना गरम चोथा अंगावर उडाला, तर व्हॉल्व्हमध्ये कॉफीचा गाळ अडकला आहे असे समजावे. बिनछिद्रांच्या बास्केटमध्ये (पोर्टाफिल्टरमध्ये बसणाऱ्या वाटीत) यासाठी मिळणारी सफाईची पूड घालून पंप दहा-दहा सेकंद चालवावा व थांबवावा, आणि शेवटी हेच साध्या पाण्याने पुन्हा करावे. बहुतेक वेळा एवढ्याने काम भागते. हा व्हॉल्व्ह नसलेल्या स्वस्त यंत्रांत मात्र हा प्रयोग करू नये, कारण तिथे दाबाला बाहेर पडायला वाटच नसते.

खरा शत्रू पाणी आहे, आणि त्याबद्दलच सर्वाधिक गैरसमज आहेत. पाणी तापले की त्यातील कॅल्शियमचे विरघळलेले बायकार्बोनेट फुटून त्याचा न विरघळणारा चुना होतो. तो हीटिंग कॉइलवर आणि बारीक नळ्यांत बसतो. कॉइलची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, ती स्वतःच अधिक तापते आणि अखेर जळते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची, म्हणजे चुना बसवणाऱ्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची, स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर ६०० पर्यंतचे पाणीही चालवून घेतले जाते. माणसाला ते चालते, पण कॉफी यंत्राच्या दृष्टीने २०० हाही जास्तच आकडा आहे. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा यांचे धरणाचे मृदू पाणी मिळते, त्यामुळे तिथे हा त्रास कमी. पुण्याच्या कडेच्या ज्या सोसायट्या उन्हाळ्यात बोअरवेलवर आणि टँकरवर चालतात, तिथे एकाच नळाचे पाणी ऋतूगणिक बदलते, आणि पावसाळ्यात घेतलेले यंत्र मे महिन्यात चुन्याने भरू लागते.

यावर विक्रेता हमखास सांगतो, की आरओचे पाणी वापरा. हा सल्ला अर्धवट आहे. ज्या यंत्रांच्या बॉयलरमध्ये पाण्याची पातळी धातूच्या काडीने, म्हणजे पाण्यातून वीज वाहते की नाही यावरून ओळखली जाते, तिथे अगदी क्षारहीन पाणी त्या काडीला कळतच नाही. बॉयलर भरलेला असूनही पंप पाणी ढकलत राहतो. शिवाय असे पाणी तांबे-पितळ कुरतडते आणि कॉफीही त्यात बेचव लागते. निव्वळ आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ०.१ ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट मिसळण्याची रीत जगभरच्या हौशी मंडळींत रूढ आहे. त्याने चुना बसत नाही, आणि पाणी अगदी कोरेही राहत नाही. दुसरा गैरसमज टीडीएस मीटरचा. तो मीटर सगळ्या क्षारांची गोळाबेरीज दाखवतो, कठीणपणा नव्हे. सॉफ्टनरमधून आलेल्या पाण्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेले असते, म्हणून मीटरवरचा आकडा जवळपास तोच दिसतो, पण चुना बसत नाही. मत्स्यालयाच्या दुकानात थेंब मोजून कठीणपणा तपासायची छोटी बाटली मिळते, तीच या कामी उपयोगी पडते.

चुना काढण्यासाठी लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, चांगले. व्हिनेगरचा वास मात्र कित्येक दिवस जात नाही. तरीही ज्यांच्याकडे पाणी मृदू आहे त्यांनी केवळ पुस्तिकेत लिहिले आहे म्हणून दर महिन्याला आम्लाचा मारा करू नये. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर आम्ल फार वेळ आत ठेवणे त्याच्या अंगाशी येते. वर्षानुवर्षांचा जाड थर तर आणखी जपून काढावा लागतो, कारण त्याच्या सुटलेल्या खपल्या पुढे जाऊन त्याच व्हॉल्व्हच्या बारीक भोकात अडकतात. चालू असलेले यंत्र सफाईनंतर बंद पडले, अशी जी तक्रार ऐकू येते तिचे मूळ बहुधा इथे असते.

विजेचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तिथे अर्धवट ज्ञान जिवावर बेतू शकते. महिनोन्महिने बंद ठेवलेले यंत्र पावसाळ्यात सुरू करताच घरातील ईएलसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) पडला, तर कॉइल जळलीच असे नव्हे. तिच्यातील मॅग्नेशियम ऑक्साइडने दमट हवेतला ओलावा शोषलेला असू शकतो. हे मेगरने (वीजरोधन तपासायच्या उपकरणाने) तपासणाऱ्या माहीतगार माणसाकडून पाहून घ्यावे, अर्थिंग काढून यंत्र कदापि चालवू नये. बॉयलरच्या सुरक्षा झडपेला कोणीही हात लावू नये, हे वेगळे सांगायला नको.

आता सुट्या भागांविषयी. आमच्या घरचे यंत्र तापेनासे झाले, तेव्हा अधिकृत सेवाकेंद्राने हे मॉडेल बंद झाले आहे, असे सांगून नव्या यंत्रावर सवलत देऊ केली. प्रत्यक्षात थर्मल फ्यूज, म्हणजे ठरावीक तापमानाला वीज तोडणारा छोटा भाग, उडाला होता. तेवढ्याच अंशांचा फ्यूज पुण्याच्या तपकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळाला. तो सोल्डर करून जोडू गेल्यास त्या उष्णतेनेच उडतो, म्हणून क्रिंप करावा, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडावा लागतो, आणि तो वगळून तारा थेट जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण. गिझर आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्या आमच्या कारागिराने हे काम सहज केले. त्याला आकृती आणि भाग मिळाले तर कौशल्यात तो कुठेच कमी पडत नाही.

भाग मिळणे अशक्य आहे, असेही नाही. इटलीच्या फाएमा कंपनीने १९६१ मध्ये आणलेल्या ई-६१ ग्रुपचे गॅस्केट आज अनेक कंपन्यांच्या यंत्रांना चालते, कारण मूळ मापे तीच राहिली. गाजिया क्लासिक हे घरगुती यंत्र १९९१ पासून आणि रान्चिलिओ सिल्विया हे १९९७ पासून बाजारात आहे. सुधारित आवृत्त्या आल्या तरी त्यांचे बरेचसे भाग जुन्यांना बसतात. याउलट आपल्याकडे खपणाऱ्या कितीतरी चकचकीत यंत्रांचे आवरण खटक्यांवर बसवलेले असते, ते उघडतानाच तुटते, आणि आतल्या भागांवर क्रमांकही नसतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, वाहने यांच्या जोडीने घरगुती टिकाऊ वस्तूही तिच्या कक्षेत घेतल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही सुरू केले. त्या पोर्टलचा खरा उपयोग व्हायचा असेल, तर कॉफी यंत्रे विकणाऱ्यांनीही भागांची यादी, किमती आणि आकृत्या तिथे ठेवल्या पाहिजेत, आणि तशी मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरायला हवी.

आपल्या दैनिकाकडे मात्र माझी मागणी याहून छोटी आहे. यापुढे अशा यंत्रांची तुलना छापताना तक्त्यात आणखी चार रकाने घालावेत: गॅस्केटची किंमत व ते कुठे मिळते, बॉयलर कोणत्या धातूचा आहे, पाण्याच्या कठीणपणाबद्दल कंपनीने काय लिहिले आहे, आणि मॉडेल बंद झाल्यावर भाग किती वर्षे देण्याचे तिने लेखी कबूल केले आहे. ज्या कंपनीकडून उत्तर येणार नाही, तिच्यासमोरचा रकाना कोरा छापावा.

आपला,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे