पंख्याचं एक पातं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला 'रायटर्स ब्लॉक'वरचा, म्हणजे लेखकाचं लिखाण अडतं त्यावरचा, लेख वाचला. शांत खोली, ठरलेली वेळ, मोबाइल दूर आणि रोज निदान एक पान, असे उपाय त्यात सांगितलेत. लेखाबद्दल माझी तक्रार नाही. फक्त हे चारही उपाय मी चार वर्षं नेमानं केले आणि चार वर्षांत एक ओळ धड उतरली नाही, म्हणून हे पत्र.

मी एसटीत वाहक होतो, अठ्ठावीस वर्षं. पाटण, कोयनानगर, चिपळूण, ढेबेवाडी, कराड हा माझा मुलूख. कथा लिहायचो त्या मुक्कामाच्या गाडीवर. रात्री गाडी वाडीत पोचली, देवळापुढं लागली, की ड्रायव्हर जेवून आडवा व्हायचा आणि मी पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन बसायचो. गाडीतला दिवा लावायची चोरी. "बॅटरी उतरली तर सकाळी तुम्ही ढकलणार का?" म्हणून ड्रायव्हर आतून ओरडायचा. मग विजेरी तोंडात धरून लिहायचं. कागद म्हणजे कॅलेंडरची पाठकोरी पानं. दिवसा टप्पा आला की वेबिलात, म्हणजे वाहकाच्या हिशेबाच्या तक्त्यात, तिकिटांचे नंबर मांडायचे, आणि त्याच हातानं खिशातल्या चिठोऱ्यावर कुणाचं तरी एखादं वाक्य. असं करत दरसाल दोन-तीन कथा व्हायच्या आणि आमच्या भागातल्या दिवाळी अंकांत छापूनही यायच्या. मोठा लेखक कधीच नव्हतो, पण अडल्याचं आठवत नाही.

२०१९ ला निवृत्त झालो. मुलानं खिडकीजवळ टेबल मांडून दिलं, लॅपटॉप घेऊन दिला, मराठी टाइप करायला शिकवलं. घरात सगळ्यांना ताकीद, सकाळी नऊ ते अकरा आजोबांना हाक मारायची नाही. मी नऊला बसायचो आणि अकराला उठायचो. फाइलला 'नवी कथा' असं नाव दिलेलं होतं, तेवढंच काय ते लिखाण. पुढं लॉकडाऊन लागला, २०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला. स्टँडवर एरवी पहाटेपासून कल्ला असतो, तिथं कुत्री झोपलेली. दोष द्यायला कारणं आयती मिळत गेली.

मराठी लेखकाचं सालच मुळी वेगळं असतं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ ला 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडं कथा पावसाळ्यात लावायची आणि दिवाळीला कापायची. जूनमध्ये संपादकांचा फोन येतो, "पंधरा ऑगस्टपर्यंत पाठवा." पेरणी झालेली नसली की त्या फोनची भीती वाटते. एका साली मी लाज सोडली. जुनी एक कथा काढली, नाव बदललं, पहिला परिच्छेद मागं नेला आणि दिली पाठवून. आठ दिवसांनी फोन, "अण्णा, ही २००६ ला आपणच छापलीय. तेव्हा हिच्यातला म्हातारा जिवंत होता." खरं म्हणजे म्हातारा मारायचाही मी विसरलो होतो, नुसता गाळला होता. पुढं दोन वर्षं त्यांचा फोन मी उचलला नाही.

२०२३ च्या मे महिन्यात चिपळूणला लग्न होतं. तोवर मुलाच्या मोटारीतून फिरायचो, काचा वर, एसी चालू. जन्म एसटीत काढलेला माणूस हौसेनं एसटीत बसत नाही. पण मोटार गॅरेजला होती, आणि बायकांना अर्धं तिकीट नुकतंच सुरू झालेलं, म्हणून सौ.ला एसटीचाच उत्साह. पाटणला गाडीत बसलो. मागून एक पन्नाशीचा माणूस चढला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं छताच्या पंख्याचं पातं. एकच.

कंडक्टर मुलगी विशीतली. म्हणाली, "काका, बाकीचा पंखा कुठंय?"

"घरी हाय. ह्येच वाकडं झालं हुतं, सरळ करून आणलं."

"मग तोवर?"

"दोन पात्यावर चालीवला की. घर हलतंय निस्तं."

पुढच्या बाकड्यावरची म्हातारी मान न वळवता म्हणाली, "आमच्या कोयनंत घर हलायला पंखा कशाला लागतोय?"

गाडी हसली. १९६७ चा भूकंप ज्यांच्या घरांनी सोसला, आणि अजूनही मधूनच रात्री ज्यांची भांडी वाजतात, तीच माणसं असं बोलू शकतात. मी सौ.च्या हातातलं तिकीट ओढून घेतलं, पुढच्या पोराकडून पेन मागितलं आणि मागच्या बाजूला म्हातारीचं वाक्य लिहिलं. हेळवाकच्या अलीकडं पातंवाला उतरला. डबल बेल झाली. घाट उतरेस्तोवर माझं तिकीट भरलं होतं.

चार वर्षं मी हाताला दोष देत होतो. बंद पडले होते ते माझे कान, आणि ते बंद व्हावेत याची व्यवस्था घरच्यांनी किती प्रेमानं केली होती!

म्हणून लगेच कथा झाली असं नाही. दर मंगळवारी ढेबेवाडीची गाडी धरायला लागलो. दोनशेपानी वहीत वेबिलासारखे रकाने आखले: कुठं चढला, कुठं उतरला, काय बोलला. तिसरा रकाना पुष्कळदा कोरा राहायचा. माणसं हल्ली मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात, आणि त्याला माझा इलाज नाही. ऑक्टोबरात एक कथा लिहून झाली, त्या सालच्या दिवाळी अंकाला अर्थातच उशीर. पंख्याच्या पात्याचा तिच्यात पत्ता नाही. त्याची कथा अजून झालेली नाही, बहुतेक होणारही नाही. ते तिकीट मात्र जपून ठेवलंय. मशिनची छपाई उडून गेली. किती रुपये, कुठून कुठं, काही वाचता येत नाही. मागचं वाक्य आहे.

लेखकानं शांत खोलीत बसावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी बसावं. पण पुरवणीत पुढच्या खेपेला वाहक, भाजीवाल्या, नर्सबाई, तलाठी अशा लिहिणाऱ्यांनाही विचारा, की तुमचं कुठं अडलं आणि कुठं सुटलं. टेबल नसलेली पुष्कळ माणसं या महाराष्ट्रात लिहितात.

सोबत कथा जोडलेली नाही, निर्धास्त असावे.

आपला,
एक निवृत्त वाहक
पाटण, जि. सातारा