मेस्त्रीकाका, कोड न उडवल्याबद्दल आभार

मुंबई

आदरणीय मेस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र हातात दिलं असतं तर तुम्ही ते न वाचताच टूलबॉक्सखाली सरकवलं असतं, म्हणून जाहीर लिहितोय. शिवाय पहिल्या पिढीची ऑडी टीटी, म्हणजे १९९८ ते २००६ मधली १.८ लिटर टर्बो, मुंबईत सांभाळणारे जे मोजके लोक आहेत, त्यांच्याही हे उपयोगी पडेल. या गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला की बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी होतात. एक तर कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, उडवून गाडी परत मिळते, नाहीतर कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव आलं तो सेन्सर बदलून बिल मिळतं. कुर्ल्याच्या तुमच्या गाळ्यात यातलं काहीच झालं नाही, त्याबद्दल आम्हा सगळ्या टीटीवाल्यांकडून मनापासून आभार.

पहिला आभार कोड न उडवल्याचा. कोड पुसला की त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेमही जाते. दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती आरपीएमवर होतं, किती तापलं होतं, लोड किती होता, हे सगळं त्या नोंदीत असतं. इंजिन गार, आयडलिंगवर, लोड कमी अशी नोंद असेल तर शोध एका बाजूला जातो. तीन हजार आरपीएम आणि भरपूर लोड असेल तर अगदी दुसरीकडे. वर पेट्रोल किती कमी-जास्त सोडायचं याचं कॉम्प्युटरने शिकून ठेवलेलं करेक्शनही शून्यावर येतं, आणि ते पुन्हा जमायला बरंच चालवावं लागतं. म्हणून आधी स्क्रीनचे फोटो काढायचे, मग बॉनेट उघडायचं, हा तुमचा नियम प्रत्येकाने पाळावा.

दुसरा नियम बॅटरीचा. गाड्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडेच्या आठवडे उभ्या असतात, खाऱ्या हवेने अर्थिंगच्या पट्ट्या हिरव्या पडतात, आणि मग व्होल्टेज पडल्यामुळे भलतेसलते कोड येतात. बंद गाडीला १२.६ व्होल्ट आणि चालू गाडीला १३.८ ते १४.४ मिळाल्याशिवाय तुम्ही स्कॅनर लावत नाही. स्टार्टर फिरत असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिन ब्लॉकवर ठेवायची, फरक ०.२ व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर आधी पट्टी बदलायची, सेन्सरकडे नंतर बघायचं.

आता मुद्द्याचं. या गाडीवर सगळ्यांत जास्त दिसणारी तक्रार मिश्रण लीन असल्याची, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. साध्या स्कॅनरवर ती पी-०१७१ म्हणून येते. व्हीसीडीएससारख्या ऑडीच्या भाषेतल्या स्कॅनरवर तिचे दोन तुकडे दिसतात: आयडलिंगचा पी-११३६ आणि चालत्या गाडीचा पी-११२८. यातला फरक तुम्ही ज्या सोपेपणाने सांगितलात तसा कुठल्याही मॅन्युअलमध्ये वाचायला मिळत नाही. मेजरिंग ब्लॉक ०३२, म्हणजे स्कॅनरवरचं त्या क्रमांकाचं आकड्यांचं पान, उघडला की पहिल्या रकान्यात आयडलिंगचं करेक्शन दिसतं आणि दुसऱ्यात चालत्या गाडीचं. न मोजलेली हवा कुठूनतरी आत शिरत असेल तर तिचा त्रास आयडलिंगला जास्त होतो, कारण तेव्हा इंजिन मुळातच थोडी हवा ओढत असतं. रेस दिली की तीच गळती एकूण हवेत किरकोळ ठरते. म्हणून पहिला रकाना वर आणि दुसरा ठीक असेल तर फाटकी नळी शोधायची. दुसरा वर असेल तर एअर मास सेन्सर, म्हणजे आत येणारी हवा मोजणारा, किंवा पेट्रोलचा दाब. दोन्ही आकडे दहाच्या आत असले तर रात्री शांत झोपायचं.

पण हल्ली या हिशेबात एक नवा पाहुणा आलाय, आणि तो तुम्ही ओळखलात याचं विशेष कौतुक. पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिसळ असलेल्या इंधनाला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे ८ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. ही गाडी बनली तेव्हा असलं पेट्रोल कुणाच्या डोक्यात नव्हतं, त्यामुळे कॉम्प्युटर बिचारा करेक्शन वाढवत नेतो. हे करेक्शन टक्केवारीत, सगळ्या आरपीएमवर सारखंच लागतं, म्हणून ते दुसऱ्या रकान्यात जमा होतं. निरोगी गाडीलाही तिथे अधिक ५ ते ८ दिसतं. आधीच एवढं वर चढलेल्या आकड्याला एअर मास सेन्सरच्या बारीकशा म्हातारपणाचा धक्काही पुरतो आणि दिवा लागतो. पेट्रोलचा वाटा किती आणि बिघाडाचा किती, हे वेगळं न काढता सेन्सर बदलला तर काही दिवस बरं वाटतं आणि मग दिवा पुन्हा हजर. ही वजाबाकी तुम्ही कार्डबोर्डच्या तुकड्यावर करून दाखवलीत. ई-२० ला नुसत्या शिव्या घालणारे पुष्कळ आहेत, ही वजाबाकी करणारे फार थोडे.

गळती शोधण्याची तुमची पद्धतही लिहून ठेवण्यासारखी. इंजिन पूर्ण गार. गाळ्यातला पंखा बंद, मे महिना असला तरी, कारण वाऱ्याने धूर पांगतो. बेबी ऑइल तापवून केलेला धूर इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाच्या, एका बारीक व्हॅक्यूम नळीतून आत सोडायचा, दाब ०.१ बारच्या आसपास, त्याच्या वर नाही. मग टॉर्च तिरपी धरून थांबायचं. १.८ टर्बोमध्ये धूर बहुधा मॅनिफोल्डच्या खालून निघतो. क्रँककेस ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनच्या तळातल्या वाफा बाहेर काढणाऱ्या, नळ्या आणि एकाच दिशेने हवा सोडणारे त्यांचे चपटे व्हॉल्व्ह तिथे आहेत, आणि ती जागा वरून दिसतच नाही. तेलाच्या वाफेने आणि उष्णतेने त्या नळ्या अशा होतात की बोटाने दाबली तर खारीसारखा भुगा. व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकायचा. हवा एकाच बाजूने गेली पाहिजे. दोन्हीकडून जात असेल तर टर्बोचा दाब क्रँककेसमध्ये शिरतो आणि व्हॉल्व्ह कव्हरच्या पॅकिंगमधून तेल झिरपायला लागतं. लोक मग पॅकिंग बदलत बसतात. ऑइलच्या दांडीचं नारिंगी प्लास्टिकचं नरसाळंही तडकतं, तेही बघायचं. आणि एन-८० व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीच्या वाफा इंजिनात सोडणारा. वायर काढल्यावर तो पूर्ण बंद राहायला हवा. फुंकर आरपार गेली तर तोच चोर.

कार्ब क्लीनर मारून गळती शोधणाऱ्यांना तुम्ही गाळ्यातून बाहेर काढता हेही बरंच. तापलेल्या टर्बोवर तो फवारा म्हणजे आगीला आमंत्रण. टर्बोच्या पुढच्या पाइपांसाठी वेगळी चाचणी: टर्बोच्या तोंडाला टोपी लावून कॉम्प्रेसरची हवा ०.७ ते १ बारपर्यंत द्यायची आणि जोडांवर साबणाचं पाणी. मात्र ब्रीदरची नळी आधी बंद करायची. ती उघडी राहिली तर सगळा दाब क्रँककेसमध्ये जातो आणि सील उडतात.

एअर मास सेन्सरचं थोडक्यात. इंजिन गरम, एसी बंद, आयडलिंगवर सेकंदाला २ ते ४ ग्रॅम हवा. एसी बंद हा भाग मुंबईत हमखास विसरला जातो आणि आकडा उगाच मोठा दिसतो. सेन्सरला त्याच्यासाठीच बनवलेला क्लीनर लावायचा, बोट किंवा कापूस अजिबात नाही. तेल लावलेला एअर फिल्टर बसवला असेल तर त्या तेलाची फिल्म सेन्सरवर बसते, हेही पाहून घ्यायचं. आयडलिंग ठीक असून दुसरा रकाना पेट्रोलचा वाटा वजा करूनही वर राहिला, तर पेट्रोलचा दाब मोजायचा. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून गेज लावायचं आणि रेग्युलेटरवर छापलेल्या आकड्याशी ताडून बघायचं. कमी निघाला तर आधी फिल्टर, मग पंप.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र वेगळा प्रकार. इंजिन मिसिंग मारतंय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात, जाऊन जळतंय आणि कॅट वितळू शकतो. पाय लगेच वर, गाडी बाजूला. फ्लायओव्हर उतरून बघू, असं नाही. मग ब्लॉक ०१५ आणि ०१६ मध्ये कुठला सिलिंडर मिसिंग मोजतोय ते बघायचं. दोन नंबर असेल तर त्याची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर. मिसिंग तीनवर सरकलं तर कॉइल गेली, दोनवरच राहिलं तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. या चाचणीला एक पैसा लागत नाही, तरी चारही कॉइल बदलल्याची बिलं आम्ही पाहिली आहेत.

टेम्परेचर सेन्सरची तुमची सकाळची युक्ती अनेकांनी उचलली आहे. रात्रभर उभ्या गाडीत फक्त इग्निशन ऑन करायचं. कूलंट आणि आत येणारी हवा, दोन्हीचं तापमान तीन-चार अंशांत जुळलं पाहिजे. हवा २८ आणि कूलंट उणे १० दाखवत असेल तर वेगळा पुरावा नको. आणि फ्रीवेवर सलग चालवताना कूलंट ८० च्या खाली उतरत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. पी-०४२०, म्हणजे कॅट नीट काम करत नसल्याचा कोड, आला म्हणून कॅट बदलायला निघालेल्यांना तुम्ही आधी सायलेन्सरची गळती आणि मिश्रण बघायला लावता, ते अगदी बरोबर. कॅट हा बहुतेक वेळा आधीच्या दुखण्याचा बळी असतो.

काम झाल्यावर, आणि तेव्हाच, कोड पुसायचा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीला ब्लॉक ०६० मधून थ्रॉटल अ‍ॅडाप्टेशन द्यायचं, म्हणजे थ्रॉटलची जागा कॉम्प्युटरला पुन्हा शिकवायची, इंजिन बंद, इग्निशन ऑन, पेडलला पाय न लावता. नाहीतर आयडलिंग वरखाली होत राहतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, मेस्त्रीने बिघडवली. मग सिग्नल नसलेला रस्ता हवा. पी. डिमेलो रोडपासून चेंबूरपर्यंतचा ईस्टर्न फ्रीवे त्यासाठी उत्तम. एकसारख्या वेगाने जाऊन यायचं आणि ब्लॉक ०३२ पुन्हा वाचायचा. दादरच्या ट्रॅफिकमध्ये घेतलेल्या आकड्यांवर तुमचा विश्वास नाही. आमचाही आता राहिलेला नाही.

काका, तुम्ही बिलात नळी, दोन क्लिपा आणि मजुरी लिहिता. वजाबाकीचे पैसे लावत नाही. ते लावावेत, अशी आम्हा सगळ्यांची विनंती आहे. निदानाला वेळ लागतो आणि डोकं लागतं, आणि ते फुकट मिळत राहिलं तर तुमच्या हाताखालची मुलं सेन्सर विकायलाच शिकतील. पावसाळा संपला की आमच्यातल्या तिघांच्या ब्रीदरच्या नळ्या बदलायच्या आहेत. माल ओरिजिनल मागवला आहे, तारीख तुम्ही सांगा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मुंबईतले टीटीवाले

ता. क. लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तातला ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर घेणाऱ्यांसाठी: या गाडीच्या इंजिनचा कॉम्प्युटर स्कॅनरशी नव्या गाड्यांसारखा कॅनवर नाही, के-लाईन नावाच्या जुन्या पद्धतीच्या एका वायरवर बोलतो. ती सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ७ नंबरला असते. बऱ्याच नकली अ‍ॅडॅप्टरमध्ये ती पिनच नसते किंवा आत जोडलेली नसते. दुकानात पिन मोजून घ्या, नाहीतर ‘गाडी कनेक्ट होत नाही’ म्हणून कॉम्प्युटर गेल्याचं निदान कुणीतरी तुमच्या गळ्यात मारेल.