६१७४ चं चित्र

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

चित्र मिळालं. मोठं करून पाहिलं. शंभर ओळी, शंभर रकाने. ओळीला पहिले दोन अंक, रकान्याला शेवटचे दोन, आणि ६१७४ गाठायला जितक्या पायऱ्या तसा रंग. एक पायरी म्हणजे चारही अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. पोचणाऱ्या कुणालाच सातच्या वर लागत नाहीत, म्हणून तुझे रंग पुरले. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी हे १९४९ साली मांडलं.

तू विचारतेस, कोडमध्ये सममिती लिहिलीच नव्हती, मग ती आली कुठून? ३५२४ घे. उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्याने २३४५, वजाबाकी ३०८७. कर्णापलीकडची चौकट २४३५ ची. अंक तेच, म्हणून उत्तरही तेच. आता प्रत्येक अंक ९ मधून वजा कर: ६४७५. त्याचे ७६५४ वजा ४५६७, पुन्हा ३०८७! म्हणून तुझं चित्र उलटं टांगलं तरी कुणाला कळणार नाही. वजाबाकी फक्त दोन फरकांवर ठरते: सर्वात मोठा आणि सर्वात लहान अंक यांच्यातला, आणि मधल्या दोघांतला. शून्य सोडलं तर दहा हजार चौकटींतून पहिल्या फटक्यात ५४ च उत्तरं निघतात. मोजून बघ.

१११२ ची वजाबाकी ०९९९. पुढचं शून्य गळलं की ९९९ वजा ९९९, खेळ खलास. ते तू सांभाळलंस, शाबास.

पण ००००, ११११ पासून ९९९९ पर्यंतच्या दहा चौकटी 'डाग दिसतात' म्हणून बुजवल्यास, हे मला पटलं नाही. ११११ ला शेजारच्या १११२ चा, म्हणजे पाच पायऱ्यांचा रंग! अगं, तो तर कधीच पोचत नाही. कर्णावर दर अकराव्या घरात काळा ठिपका राहू दे. चित्रात खरं बोलणारे तेच दहा आहेत.

आणि ते इंद्रधनुष्य काढ बाई. जांभळ्याशेजारी पिवळा आला की एका पायरीचा फरक डोंगराएवढा वाटतो. एकाच निळ्याच्या फिकट-गडद छटा करून बघ.

पुढे पाच अंकी घे. त्यांना ६१७४ सारखं एक घर नाही, ते तीन वेगवेगळ्या चक्रांत अडकतात. रंग तीनच लागतील, शिवाय सगळे अंक सारखे असलेल्या दहांना काळा; चौकटी एक लाख. बाबा म्हणतात लॅपटॉप तापेल. मला नाही वाटत.

तुझी
आई